भूमिपूजन होते, भूमिपरीक्षा केव्हा?

तळेगाव दाभाडे या गावाच्या नावातच पाणी आहे. सेनापती दाभाड्यांचे हे गाव पुढे समर्थ विद्यालयामुळे आणि पैसा फंडाच्या काच कारखान्यामुळे साऱ्या महाराष्ट्रास ठाऊक झाले. निकोप हवेचे ठिकाण म्हणून पुण्यामुंबईच्या मध्यमवर्गाने येथे बंगल्या बांधल्या. आता एका बाजूस पिंपरी-चिंचवड, दुसऱ्या बाजूस चाकण आणि खुद्द तळेगावच्या शिवेवर नवलाख उंब्रे परिसरातील औद्योगिक वसाहत, अशा वेढ्यात हे गाव सापडले आहे. कारखान्यांतील कामगार, शाळांतील शिक्षक, कचेऱ्यांतील कारकून या सर्वांस राहण्यास जागा हवी आहे आणि ती देण्यासाठी शेतामागून शेत भूखंडांत रूपांतरित होत आहे. या घाईत एक अत्यंत प्राथमिक प्रश्न विचारावयाचा राहून जातो, तो म्हणजे ज्या जमिनीवर आपण आयुष्याची पुंजी ओतणार ती जमीन कसली आहे आणि तिच्या पोटात पाणी किती खोलीवर आहे?

भूखंड घेताना माणूस सातबारा पाहतो, बिगरशेतीचा आदेश पाहतो, स्थानकापासूनचे अंतर मोजतो, पूर्वेस दार येईल की नाही याची वास्तुतज्ज्ञाकडे चौकशी करतो. विंधनविहीर घ्यावयाची असली तर पाणाड्यासही बोलावतो. भूमिपूजनाचा मुहूर्त काढला जातो, नारळ फुटतो, पहिली कुदळ यजमानाच्या हातून मारली जाते, आणि त्या कुदळीने वर आलेली माती काळी होती की तांबूस, ओली होती की भुसभुशीत, हे कोणीही पाहत नाही. पायाची खोली ठेकेदार ठरवितो. ती बहुधा शेजारच्या घरास जेवढी घेतली तेवढीच असते. शेजारच्या घरास ती कोणी ठरविली होती, हा प्रश्न विचारण्याची पद्धत नाही.

यावर हमखास मिळणारे उत्तर असे की, मावळात खाली सगळा कातळच आहे, तपासावयाचे काय? हे उत्तर अर्धे खरे आहे आणि म्हणूनच ते पूर्ण खोट्यापेक्षा अधिक घातक आहे. दख्खनचे पठार लाव्हारसाच्या एकावर एक पसरलेल्या थरांनी बनले आहे हे शाळेतील मुलासही ठाऊक असते. परंतु हे थर एकजिनसी नाहीत. कुठे घट्ट काळा पाषाण आहे, कुठे वायूच्या बुडबुड्यांमुळे पोकळ्या राहिलेला आणि पुढे त्या पोकळ्या खनिजांनी भरलेला खडक आहे, तर कुठे दोन थरांच्या मध्ये तांबड्या मातीचा मऊ पट्टा आहे, जो पाण्याने भिजला की आपले बळ गमावतो. वरचा खडक हजारो वर्षे हवापाण्याने कुजून त्याचा मुरूम झाला आहे आणि त्या मुरमात न कुजलेले मोठमोठे गोटे तसेच अडकून राहिले आहेत. खड्डा खणताना पहार अशा गोट्यावर आदळली की ठेकेदार समाधानाने सांगतो, ‘कातळ लागला.’ तो कातळ नसून मऊ मुरमात तरंगणारा एकटा दगड असू शकतो. इमारतीचा एक खांब त्यावर आणि दुसरा त्याच्या बाजूच्या मुरमावर टेकला, तर दोन्ही खांब सारखे खचणार नाहीत. इमारत जेथे तडकते तेथे बहुधा तिच्या खचण्यापेक्षा असमान खचणेच कारणीभूत असते. म्हणून छिद्र घेताना खडक लागल्यावरही काही अंतर त्यात खाली जाऊन पाहावे लागते. तो खडक खरोखरच अखंड आहे याची खात्री दुसऱ्या कोणत्याही मार्गाने होत नाही.

आणि मावळात सर्वत्र खडक वर आलेला आहे असेही नाही. इंद्रायणीच्या आणि पवनेच्या खोऱ्यात, ओढ्यांच्या काठी, सखल भागांत चिकण काळ्या मातीचे जाड थर साचले आहेत. मावळची ख्याती भाताची. ज्या इंद्रायणी तांदळाचे नाव आज घरोघर आहे ते वाण येथून जवळच्या वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातून १९८७ साली बाहेर पडले. भाताचे खाचर म्हणजे काय? पावसाळाभर पाणी धरून ठेवते ती जमीन. ज्या गुणामुळे शेतकऱ्याने पिढ्यान्पिढ्या तिला जीव लावला, तोच गुण घराच्या पायाखाली दोष ठरतो. आज अशीच खाचरे मुरमाच्या भरावाखाली गडप होऊन त्यांवर आकर्षक नावांच्या वसाहती उभ्या राहत आहेत. विकत घेणारा उन्हाळ्यात येतो. त्याला सपाट, कोरडी, टणक जमीन दिसते. चार फूट मुरमाखाली काय आहे हे त्यास दिसत नाही आणि जो जुना मालक हे सांगू शकला असता तो व्यवहारात केव्हाच बाजूस पडलेला असतो.

काळ्या मातीचा स्वभाव थोडा सविस्तर पाहण्यासारखा आहे. तिच्यातील माँटमोरिलोनाइट नावाच्या खनिजाचे पापुद्रे पाणी शोषून फुगतात आणि पाणी गेले की आकसतात. वैशाखात शेताला पडणाऱ्या भेगा आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. मृगाच्या पावसानंतर त्याच भेगा मिटतात. ही उघडझाप पृष्ठभागापुरती नसते. खोल काळ्या मातीत साधारणतः साडेतीन मीटरपर्यंत ऋतुमानाप्रमाणे ओल बदलते असे आपले अभियंते धरून चालतात. या खोलीच्या आत ठेवलेला पाया दर वर्षी थोडा उचलला जातो आणि थोडा खाली बसतो. घराच्या मध्यभागाखालची माती दमट राहते, कडेची वाळते, आणि कोपऱ्यांतून, खिडक्यांच्या टोकांपासून तिरप्या भेगा निघतात. रंगारी त्या बुजवितो, पुढच्या वर्षी त्या पुन्हा येतात. यातील सर्वांत क्रूर भाग असा की, या मातीचे भय मोठ्या इमारतीपेक्षा लहान घरास अधिक असते. बहुमजली इमारतीचा भार मातीच्या फुगण्याच्या जोरास दाबून टाकू शकतो, शिवाय तिचा पाया खोलवर खडकापर्यंत जातो. एकमजली बंगलीचे वजन तेवढे नसते, तिला माती सहज उचलते. म्हणजे ज्याच्यापाशी पैसा कमी, ज्याचे घर लहान आणि ज्याला तपासणी ही श्रीमंतांची चैन वाटते, तोच या बाबतीत सर्वाधिक उघड्यावर आहे.

उपाय नाहीत असे नव्हे. रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने याच मातीसाठी तळाशी कंदासारखा फुगवटा असलेल्या छोट्या स्तंभांच्या पायाची पद्धत विकसित केली आणि तिला भारतीय मानकाचे रूपही मिळाले. काही ठिकाणी काळी माती काढून तेथे मुरूम दाबून भरणे पुरते. काही ठिकाणी पाया एक-दोन मीटर खाली नेला की पक्का मुरूम लागतो आणि प्रश्न मिटतो. पण यांपैकी कोणता उपाय योग्य हे खाली काय आहे ते कळल्यावाचून कसे ठरणार? औषधे आहेत म्हणून कोणी रोग न तपासता ती घेत नाही.

आता पाण्याविषयी. बेसाल्टच्या प्रदेशात भूजलाची पातळी वर्षभर एक नसते. मे महिन्यात तळ गाठलेल्या विहिरी सप्टेंबरात काठापर्यंत चढलेल्या आपण पाहतो. घाटमाथ्यावर लोणावळ्यास वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. पूर्वेकडे येताना तो झपाट्याने ओसरतो हे खरे, तथापि तळेगावच्या वाट्यास येणारे पाणीही जमिनीचा वरचा कुजका थर भरून टाकण्यास पुरेसे असते. घराची तपासणी झालीच तर ती उन्हाळ्यात होते, कारण बांधकामाचा हंगाम तोच. छिद्रात पाणी लागत नाही आणि अहवालात ‘भूजल आढळले नाही’ असे एक वाक्य येते. ते त्या दिवसापुरते खरे असते, परंतु इमारतीस चारही महिने पावसात उभे राहावयाचे असते. पाणी पायाच्या पातळीपर्यंत चढले की वाळूसारख्या सुट्या जमिनीची भार पेलण्याची शक्ती जवळजवळ निम्म्यावर येऊ शकते. तळघर असेल तर पाणी भिंतींवर बाजूने आणि फरशीवर खालून दाब आणते. जमिनीतली रिकामी टाकी ऐन पावसाळ्यात नावेसारखी वर उचलली जाऊ शकते, हे ऐकून सामान्य माणसास हसू येईल, पण अभियंत्यांस ही गोष्ट चांगली परिचित आहे. आणि तळघरासाठी खोल खणून अहोरात्र पंप लावले की शेजाऱ्याच्या विहिरीचे पाणी उतरते, क्वचित त्याच्या पायाखालची बारीक माती पाण्याबरोबर वाहून येते. तेथे नुकसान ज्याचे होते त्याचा त्या बांधकामाशी काहीही संबंध नसतो.

अशा दुर्लक्षाची किंमत कोण मोजतो हे २९ जून २०१९ च्या रात्री पुण्यात कोंढवा येथे दिसले. एका गृहसंकुलाची सीमाभिंत मध्यरात्रीनंतर कोसळली. भिंतीच्या वरच्या बाजूस मोटारी उभ्या होत्या आणि खालच्या बाजूस नव्या बांधकामावरील मजुरांच्या पत्र्याच्या खोल्या. पंधरा माणसे मेली, त्यांत चार मुले होती. बहुतेक मजूर बिहारमधून पोटासाठी आलेले. जबाबदारी कोणाची हा न्यायालयाचा प्रश्न आहे आणि त्यात येथे शिरण्याचे कारण नाही. परंतु भिंतीमागची माती कोरडी असताना जेवढी रेटते त्याहून कितीतरी अधिक ती भिजल्यावर रेटते, तिच्यातील पाण्यास बाहेर पडण्यासाठी वाट ठेवावी लागते आणि भिंतीच्या पायथ्याशी खणताना तिच्या आधाराचा विचार करावा लागतो, एवढे ज्ञान काही नवे नाही. ते पाठ्यपुस्तकात आहे. आपल्या कुंपणापर्यंत अजून यावयाचे आहे.

जमिनीच्या पोटातील पाणी मानवनिर्मितही असते. आपल्या जुन्या गावांत विहिरी बुजविण्याची जी रीत आहे ती पाहिली की काळजी वाटते. १३ जून २०२१ रोजी मुंबईत घाटकोपर येथे एका सोसायटीच्या आवारात उभी केलेली मोटार सर्वांदेखत पाण्यात नाहीशी झाली, ते दृश्य पुष्कळ वाचकांस आठवत असेल. तेथे जुनी विहीर होती आणि तिच्या काही भागावर काँक्रीटचे छत घालून जागा गाड्यांसाठी वापरली जात होती. २० सप्टेंबर २०२४ रोजी पुण्याच्या ऐन बुधवार पेठेत, सिटी पोस्टाच्या आवारात, जमीन खचून महापालिकेचा एक मोठा ट्रक मागच्या अंगाने उभा आत गेला. तळेगावच्या वाढत्या वस्तीत किती शेतविहिरी कचरा आणि राडारोडा टाकून भरल्या गेल्या आहेत याची नोंद कोठे तरी असावयास हवी. सातबाऱ्यावर विहिरीची नोंद असते. भूखंड पडले, नवे उतारे निघाले की ती विहीर कागदावरूनही बुजते.

आमच्या पूर्वजांनी कोठे जमीन तपासली होती, त्यांचे वाडे उभे आहेतच ना, असा युक्तिवाद अनेकदा कानी येतो. त्यात तथ्य नाही. एक तर जे वाडे पडले ते आपल्याला दिसत नाहीत. दुसरे, जुना बांधणारा त्याच गावचा होता, कोणत्या आळीत विहीर किती हातांवर लागते, कोठे पावसाळ्यात पाझर फुटतो, हे त्यास लहानपणापासून ठाऊक असे, आणि गावठाण मुळातच उंच, मुरमाड जागी वसलेले असे. चुन्यातील दगडी जोते थोडेफार हलले तरी सावरून घेई. सिमेंटची ताठर चौकट आणि तिच्यातील विटांची भिंत तशी क्षमाशील नाही. विदर्भातून वा मराठवाड्यातून नोकरीसाठी येथे आलेल्या आजच्या तरुणास हे गावज्ञान कोठून मिळणार? त्याच्या हाती दलालाने दिलेले रंगीत पत्रक असते.

शिवाय पूर्वजांनी जमीन तपासली नाही हे म्हणणेही बरोबर नाही. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत घरबांधणीच्या प्रकरणात हातभर खड्डा खणून तीच माती पुन्हा त्यात भरावयास सांगितले आहे. माती उरली तर जमीन उत्तम, बरोबर पुरली तर मध्यम, कमी पडली तर टाकाऊ. कमी पडणे याचा अर्थ मूळ जमीन पोकळ, भुसभुशीत होती. दुसरी कसोटी, खड्डा पाण्याने भरून शंभर पावले चालून परत यावे आणि पाणी किती उतरले ते पाहावे. त्याच ग्रंथात वृक्ष, वारुळे यांवरून भूजल ओळखण्याचा स्वतंत्र अध्याय आहे. या कसोट्या आज पुरेशा नाहीत हे उघड आहे. पाण्याच्या कसोटीत तर ओली चिकण काळी जमीन पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण होईल! पण बांधण्यापूर्वी जमिनीस प्रश्न विचारण्याची वृत्ती त्यांत आहे. आज वास्तुशास्त्राच्या नावाने जे खपते त्यातून नेमका हा खड्डाच गळाला आहे, दिशा मात्र उरल्या आहेत. तळेगावच्या शेजारी घोरावडेश्वराच्या डोंगरात लेणी खोदणाऱ्यांनीही खडकाचा थर पारखूनच छिन्नी लावली असणार. पाणी साठविण्याच्या पोढी कोठे खोदाव्यात हेही त्यांना समजत होते.

तपासणी म्हणजे केवळ वरवर पाहणे नव्हे, हेही सांगितले पाहिजे. कॅनडात विनिपेगजवळ ट्रान्सकोना येथे धान्याचे एक प्रचंड कोठार १९१३ च्या ऑक्टोबरात प्रथमच भरले जात असताना काही तासांत कलंडले आणि सुमारे २७ अंशांच्या कोनात स्थिरावले. बांधण्यापूर्वी तेथे भाराची चाचणी घेतलेली होती. परंतु लहान पट्टीवर घेतलेली चाचणी फक्त वरच्या टणक मातीविषयी बोलते. कोठाराच्या विशाल पायाचा भार खोलवरच्या मऊ चिकणमातीपर्यंत पोहोचला आणि त्या मातीस कोणी विचारलेच नव्हते. पुढे ते कोठार खटपटीने सरळ करण्यात आले. कार्ल टेर्झागी यांनी १९२५ साली मृदायांत्रिकीवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध करून या विषयास शास्त्राची बैठक दिली आणि मातीचे बळ तिच्यातील पाण्याच्या दाबावर कसे अवलंबून असते हे दाखविले. म्हणजे आपण ज्याविषयी बोलत आहोत ते ज्ञान आता शंभर वर्षांचे झाले आहे. भारतीय मानक संस्थेची पायासाठीच्या भूगर्भतपासणीची संहिता १९६२ पासून उपलब्ध आहे, ती वेळोवेळी सुधारलीही गेली आहे. ६३.५ किलोग्रॅमचा हातोडा ७५ सेंटिमीटर उंचीवरून टाकून नळी ३० सेंटिमीटर आत जाण्यास किती ठोके लागतात हे मोजण्याची साधी चाचणी आज कोणतीही बरी प्रयोगशाळा करून देते. लहान घरास तर पुष्कळदा दोन-तीन खड्डे, मातीच्या फुगण्याची एक चाचणी आणि अनुभवी अभियंत्याची एक भेट पुरते. घराच्या एकूण खर्चाशी तुलना करता ही रक्कम शेकडा एकाच्या आतबाहेरची असते. स्वयंपाकघरातील फरशीवर आपण त्याहून अधिक घासाघीस करतो.

मग अडते कोठे? प्रस्तुत लेखकाच्या मते अडते ते या तपासणीचा कागद कोणासाठी असतो या प्रश्नापाशी. मोठ्या इमारतीचा मृदा-अहवाल तयार होतो, फाइलीस लागतो आणि तेथेच विसावतो. सदनिका घेणाऱ्याच्या हाती तो क्वचितच येतो. स्थावर संपदा कायद्याच्या चौदाव्या कलमाने ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत रचनेतील दोष आढळल्यास तो तीस दिवसांत विनाशुल्क दुरुस्त करण्याची जबाबदारी विकासकावर टाकली आहे, ही मोठीच सोय झाली. पण जमिनीचे दोष पंचांग पाहून प्रकट होत नाहीत. लागोपाठ अवर्षणाची आणि नंतर अतिवृष्टीची वर्षे आली म्हणजे सातव्या-आठव्या वर्षीही भेगा पडू शकतात. आणि जो स्वतःच्या भूखंडावर ठेकेदाराकडून घर बांधून घेतो त्याला हे कवच मुळीच नाही. लहान बांधकामांची परवानगी लवकर मिळावी म्हणून नियम सुलभ करणे योग्यच होते; मात्र त्या सुलभतेत जमिनीची पाहणी वगळली जाणार असेल तर वाचलेले चार आठवडे फार महाग पडतील.

तळेगाव नगरपरिषदेस येथे एक काम करता येण्यासारखे आहे आणि त्यास फारसा पैसा लागणार नाही. गावात आजवर जेवढ्या इमारतींसाठी छिद्रे घेतली गेली त्या प्रत्येकाची नोंद, म्हणजे किती फुटांवर माती, किती फुटांवर मुरूम, कोठे खडक, कोणत्या महिन्यात पाणी कोठे, ही कोणत्या ना कोणत्या दप्तरात पडून आहे. ती एका नकाशावर मांडून नगरपरिषदेच्या भिंतीवर लावावी. ब्रिटनच्या भूशास्त्र सर्वेक्षण संस्थेने अशा दहा लाखांहून अधिक छिद्रांच्या नोंदी जपल्या आहेत आणि कोणीही नागरिक त्या पाहू शकतो. नेदरलँड्समध्ये तर भूगर्भाची माहिती राष्ट्रीय नोंदवहीत देण्याचे बंधन २०१८ पासून कायद्यानेच आले. आपल्याकडेही १९७२ साली स्थापन झालेली भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा हजारो निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते, आणि तिचे मुख्यालय येथून तासाभराच्या अंतरावर पुण्यातच आहे. ही माहिती आज पिण्याच्या पाण्याच्या आणि टंचाईच्या संदर्भातच वाचली जाते. घराचा पाया आखतानाही ती वाचली जावी. अभियांत्रिकी महाविद्यालये या पट्ट्यात थोडी नाहीत. त्यांच्या अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांनी एका पावसाळ्यात गावातील उघड्या आणि बुजविलेल्या विहिरींची गणना केली तर प्रकल्पाचे गुणही मिळतील आणि गावास नकाशाही.

तोवर ज्यास उद्याच भूखंडाचा विसार द्यावयाचा आहे त्याने एवढे करावे. मे महिन्यात आवडलेली जागा गणपतीच्या दिवसांत पुन्हा एकदा जाऊन पाहावी. जवळच्या विहिरीत डोकावावे, पाणी काठापासून किती खाली आहे ते मोजावे. शेजारच्या चार घरांच्या कोपऱ्यांतील भेगा पाहाव्यात. जुना सातबारा काढून तेथे भात होते की बाजरी, विहीर होती की नव्हती, हे वाचावे आणि शक्य झाल्यास ज्याने ते शेत कसले त्या माणसास गाठावे. विकणारा खड्डा घेऊ देण्यास नकार देत असेल, तर विसार खिशातच ठेवावा.